ट्रॅप कॅमेरा, आठ महिने वापरून: सेल खातो, पण चिचुंद्रीपायी माफ केला

उन्हाळी भुईमूग रात्री कोण उकरतंय एवढंच बघायचं होतं. त्यापायी, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या या कॅमेऱ्यावर जानेवारीत साडेसहा हजार घातले. रान शिराळा तालुक्यात, वारणाकाठी. वर चांदोलीचं जंगल. मेगापिक्सेल वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतंच. मी सेलचं बोलतो.

आठ सेल लागतात. आठ! पहिला संच बारा दिवसांत आडवा. कार्ड बघितलं तर दोन हजारांवर फोटो, आणि जवळजवळ सगळे उसाच्या पानाचे. कस्टमर केअरला चार फोन केले. चारही वेळा एकच, "सर, चांगले सेल घाला." चार्जिंगचे घातले, तर ते १.२ व्होल्टचे, पहिल्याच दिवशी 'बॅटरी लो'. एकच स्टार द्यायचं तेव्हाच ठरवलं होतं.

मग भाच्यानं समजावलं. म्हणे मामा, याला हालचाल नाही, हलणारी ऊब कळते. दुपारी तापलेलं पान वाऱ्यानं हललं की हा फोटो काढणार. तोंड उत्तरेला फिरवलं, समोरचा पाला काढला, पहिल्यासारखाच सेलचा नवा संच अडीच महिने गेला. (हे माहितीपत्रकात छापायला काय जात होतं?)

ऊब म्हणजे सस्तन प्राणी. गार रात्रीसुद्धा त्यांचं अंग तापलेलं, म्हणून ते सापडतात. घोरपड, साप बहुतेक वेळा सुटतात. पण मे महिन्यात भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत मुंगूस कॅमेऱ्यासमोरून गेलं आणि फोटो नाही. रानच चाळीस अंशांवर, मुंगसाचं अंग वेगळं दिसणार कसं?

चोर निघाली सायाळ. मी उगाच डुकरांना शिव्या घालत होतो. व्हिडिओत शेपटीच्या पोकळ काट्यांचा खुळखुळ ऐकू येतो. काटे म्हणजे जाड झालेले केसच. ती ते फेकत नाही, उलटी धावून टोचते. शिवाय उदमांजर, कोल्हा आणि बिबट्याची शेपूट. सगळ्यांना बिबट्याच बघायचा असतो. ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखता येतो म्हणतात, पण नुसत्या शेपटीवरून मी काय ओळखणार?

जुलैत काचेच्या आत बाष्प धरलं. खोक्यावर पावसाच्या थेंबांचं चित्र आहे, तरी 'पाणी वॉरंटीत नाही'. वैतागून कॅमेरा गोठ्यात टांगला, तांदळाच्या डब्याजवळ. आणि तिथं ती आगगाडी मिळाली: पुढं चिचुंद्री, तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लानं तोंडानं धरलेलं, त्याला दुसऱ्यानं, असे पाच डबे. चित्र धूसर, पण मोजता येतात. आजवर तिला उंदीर समजून झाडूनं हाणलं. ती उंदराच्या कुळातलीच नाही, किडे खाते. हिला आता गोठ्यात मुभा.

तीन स्टार. चौथा सेलनं खाल्ला. कॅमेऱ्यानं टाकून दिलेल्या सेलांवर भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून चालतं, म्हणून ते फेकू नका. आमच्याकडे सध्या चार खोल्यांत चार घड्याळं आहेत.