नगरचं गॅझेटिअर घ्यायचंय: 1884 चं की 1976 चं?

जुनी शेती आणि जिल्ह्याचा इतिहास, दोन्ही एकाच पुस्तकात पाहिजे असेल तर फिरून फिरून गाडी गॅझेटिअरवरच, म्हणजे सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या जाडजूड पुस्तकावरच येते. नगरपुरतं बोलायचं (आता अहिल्यानगर, पण दोन्ही पुस्तकांवर नाव अहमदनगरच आहे) तर कॅम्पबेलनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड आहे 1884 चा, आणि दुसरं महाराष्ट्र सरकारचं 1976 चं. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही नेटवर फुकट वाचता येतात. मग प्रश्न उरतो तो आधी कुठलं वाचायचं आणि पैसे घालून छापील कुठलं घरात ठेवायचं.

मी सुरुवात 1976 पासून केली आणि त्याबद्दल तक्रार नाही. भंडारदऱ्याचं पाणी, सहकारी साखर कारखाने, राहुरीचं कृषी विद्यापीठ, म्हणजे ज्या गोष्टींनी आजचा नगर जिल्हा घडला त्या 1884 मध्ये असणारच नाहीत. तुम्हाला प्रवरा पट्टा, ऊस, सहकार यावर काही लिहायचं असेल तर पुढचं वाचूही नका, सरळ नवं घ्या. शिवाय श्रीरामपूर आणि पाथर्डी हे तालुकेच तेव्हा नव्हते, तेव्हाचे तालुके अकरा, त्यामुळे तिकडच्या माणसाला जुन्यात आपलं गाव आधी शेजारच्या तालुक्यात शोधावं लागतं.

पण मला शेतीचं प्रकरण वाचायचं होतं ते कोरडवाहूसाठी, पारनेर-कर्जतकडची बाजरी-हुलग्याची शेती, आणि तिथं नव्या पुस्तकात मी अडकलो ते तक्त्यांत. कुठल्या तालुक्यात कुठल्या पिकाखाली किती क्षेत्र, नांगर किती, इंजिनं किती, असं पानंच्या पानं चालतं आणि कॉलमचं नाव बघायला परत मागं यायचं, फोनवर तर विचारूच नका. अवजारांचं, पेरणीचं वर्णन तिथंही आहे हे मान्य, पण दोन तक्त्यांच्या मधे चार ओळी वाचून होतात न होतात तोवर पुढचा आकडा येतो आणि माणूस काय करत होता हे डोळ्यासमोर येतच नाही. कुणाला आकडेच हवे असतील तर त्याला हीच गोष्ट सोयीची वाटेल, माझा मात्र कल तिथंच फिरला.

जुन्यात शेतीचं प्रकरण निवांत चालतं. काळी जमीन कुठली, बरड कुठली, नांगर-कुळव-पाभर-कोळपं कशाचं करतात, किती बैल लागतात, बाजरीत तूर कशी मिसळून पेरतात, धनगराची मेंढरं रानात बसवतात ते कसं. पाभरीची, म्हणजे पेरायच्या अवजाराची माहिती मी आमच्या चुलत्यांना मराठीत सांगत गेलो तर ते मधेच बी सोडायचं चाडं कसं धरायचं, मूठ कशी सोडायची हे हातानं दाखवायला लागले, म्हणजे लिहिणाऱ्यानं रानात उभं राहून बघितलं असणार असं वाटतं. आणि शेतीला लागूनच सावकारीचं प्रकरण येतं. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे का जाळले हे त्या आधीच्या पानांवरची जमीन आणि पाऊस वाचून आलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. 1876-77 चा दुष्काळही तिथंच, धोंड (आताचं दौंड)-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर माणसं कशी लागली तेही. इतिहास आणि शेती अशी गुंतलेली मला नव्यात फारशी सापडली नाही, कदाचित माझी वाचायची पद्धत तशी असेल.

जुन्याचं एक मात्र स्पष्ट सांगतो. जातींवरचं प्रकरण वाचवत नाही. अमुक जात आळशी, तमुक जात कष्टाळू असे शिक्के साहेबी नजरेनं मारलेत, आणि ते खरं धरून कुणी पुढं लिहिलं तर नुकसानच होईल. सगळं पुस्तकच सारा वसूल करणाऱ्या सरकारसाठी लिहिलेलं आहे हे डोक्यात ठेवून वाचावं. आणि फार जुना इतिहास, सातवाहन-चालुक्य वगैरे पाहिजे असेल तर दोन्हींपेक्षा मुंबई इलाख्याच्या त्याच जुन्या मालिकेतला पहिला खंड, भाग दुसरा, 1896 चा काढा, त्यात रा. गो. भांडारकर आणि फ्लीट या इतिहासकारांचं लिखाण आहे.

माझ्यापुरतं विचाराल तर छापील जुनं घ्यावं, सरकारनं जशाच्या तशा छापलेल्या प्रती निघाल्यात, त्यातली मिळाली तर उत्तम, घेताना जिल्ह्याचा नकाशा आत आहे ना एवढं बघा. नवं नेटवर वाचलं तरी भागतं, लागेल तो तक्ता तेवढा प्रिंट काढून घ्यायचा. जुनं हातात आल्यावर पहिल्या पानापासून सुरू करू नका, आधी शेवटचं गावांचं प्रकरण उघडून आपल्या तालुक्याचं गाव काढा, आठवडे बाजार, देऊळ, 1872 आणि 1881 ची लोकसंख्या बघा, आणि मग शेतीकडं या.