घरच्या डिस्क वाचवण्यासाठी आणि नव्या बनवण्यासाठी: इम्गबर्न व डीव्हीडीस्टायलर

खान्देशात डिजिटल शूटिंग आल्यानंतर झालेल्या लग्नांच्या आठवणी पुष्कळ घरांत आजही व्हीसीडी आणि डीव्हीडीवरच आहेत. हळद, मांडव, वरात, आहेर अशा दोन-तीन डिस्कच्या संचाबरोबर कुठे आखाजीला झोक्यावर म्हटलेली अहिराणी गाणी असतात, तर कुठे कानबाईच्या रोटांच्या दिवशीचे चित्रण असते. ती गाणी म्हणणाऱ्या बायकांपैकी काही जणी आता हयात नाहीत, आणि अनेक गाणी त्या एका डिस्कपलीकडे कुठेच नोंदलेली नाहीत. म्हणून या डिस्कची प्रत घरच्या घरी कशी काढावी, आणि मोबाईलवरचे नवे व्हिडिओ गावाकडच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालतील असे कसे करावेत, या दोन कामांसाठी मी वापरत असलेल्या दोन मोफत प्रोग्रॅमविषयी सविस्तर लिहीत आहे. पहिल्या कामासाठी इम्गबर्न आणि दुसऱ्यासाठी डीव्हीडीस्टायलर. दोन्हींची शिफारस मी करतो, मात्र दुसऱ्याची काही अटींसह.

घाई करण्याचे कारण आपले हवामान आहे. राईट केलेल्या डिस्कमध्ये माहिती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर नोंदलेली असते आणि उष्णता व थेट ऊन या दोन्हींनी तो थर खराब होत जातो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या डिस्कना तो ताप दरवर्षी सोसावा लागतो. धाब्याच्या घरात, आतल्या खोलीत, उभ्या ठेवलेल्या डिस्क तुलनेने बऱ्या स्थितीत सापडतात. तरीही चालते आहे तोवर प्रत काढून घेणे हाच शहाणपणा आहे.

इम्गबर्न हा फक्त विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याची २.५.८.० ही आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि त्यानंतर नवी आलेली नाही, तरी विंडोज १० आणि ११ वर तो व्यवस्थित चालतो. इन्स्टॉल करताना सोबत इतर सॉफ्टवेअर सुचवले जाऊ शकते, त्यामुळे प्रत्येक पडदा वाचून नको ते नाकारावे. त्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम म्हणजे डिस्कवरून इमेज फाईल, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, बनवणे. डीव्हीडी उघडून आतल्या फाईल नुसत्या ओढून घेण्यापेक्षा हे फार चांगले, कारण डीव्हीडीवरचा व्हिडिओ एक जीबीपर्यंतच्या व्हीओबी तुकड्यांत विभागलेला असतो आणि मेन्यू, प्रकरणे, क्रम ही सगळी माहिती आयएफओ फाईलमध्ये वेगळी असते. आयएसओ या प्रकारची इमेज घेतली की हे सारे जसेच्या तसे एका फाईलमध्ये येते, ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालते आणि हवी तेव्हा पुन्हा डिस्कवर राईट करता येते.

व्हीसीडीची गोष्ट निराळी आहे आणि तिथेच बहुतेकांची अडचण होते. व्हीसीडीवरचा व्हिडिओ ३५२ बाय २८८ इतक्याच आकाराचा, एमपीईजी-१ पद्धतीचा असतो आणि तो अशा सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या माहितीच्या लहान खणांत) लिहिलेला असतो ज्यांत दुरुस्तीसाठीची जादा माहिती नसते. ती जागा व्हिडिओलाच दिलेली असते, म्हणूनच ७४ मिनिटांच्या सीडीत तितक्याच वेळेचे चित्रण बसते. याचा परिणाम असा की किरकोळ ओरखड्यानेही विंडोजमध्ये कॉपी करताना फाईल मध्येच अडकते. इम्गबर्न अशा डिस्कसाठी आयएसओऐवजी बिन आणि क्यू अशा दोन फाईल बनवतो. या दोन्ही एकत्र ठेवाव्यात, कारण बिन ही खरी माहिती आहे आणि क्यू तिची मांडणी सांगते.

खराब डीव्हीडीवर जिथे इम्गबर्न थांबतो तिथे लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम कामाला येतो. तो वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, बिघडलेल्या जागांची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतो आणि नंतर फक्त त्याच जागा पुन्हा वाचतो. याचा मोठा फायदा असा की तीच डिस्क दुसऱ्या रायटरमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये, घालून त्याच मॅप फाईलवर काम पुढे नेता येते. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर दुसऱ्याला अनेकदा वाचता येतात. माझ्या मते डिस्क घासून पुसण्याच्या घरगुती उपायांआधी हा मार्ग धरावा. पुसायचीच असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये.

आता डीव्हीडीस्टायलर. हा खुल्या स्रोताचा प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. नवा प्रकल्प उघडताच तो डिस्कची क्षमता, टीव्हीची पद्धत पाल की एनटीएससी, चित्राचे ४:३ की १६:९ प्रमाण आणि आवाजाची पद्धत विचारतो. आपल्याकडे पाल निवडावे, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. व्हिडिओ ओढून टाकले, मेन्यूला पार्श्वभूमी दिली, बटणे लावली की तो सगळे एमपीईजी-२ मध्ये रूपांतरित करून डिस्कची रचना तयार करतो. आजी-आजोबांना रिमोटवरचे एकच बटण दाबून नातवाचे जावळ पाहता यावे, एवढ्यासाठी हा प्रोग्रॅम मनापासून आवडावा असा आहे.

मात्र बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला किती माहिती द्यायची ते, आपोआप ठरवण्याची सोय असली तरी गणित स्वतः समजून घ्यावे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी बसते. दोन तासांचे चित्रण घातले तर आवाजासह सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र छान राहते. तेच तीन तासांचे लग्न एका डिस्कमध्ये कोंबले तर साडेतीन मेगाबिटच्या आसपास उरतात आणि वरातीतल्या नाचाच्या दृश्यांत चौकोनी ठिपके दिसू लागतात. त्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात. जुनी डीव्हीडी पुन्हा मांडायची असेल, तर त्या व्हिडिओच्या गुणधर्मांत कॉपी हा पर्याय निवडावा, म्हणजे चित्र दुसऱ्यांदा दाबले (कॉम्प्रेस केले) जात नाही.

डीव्हीडीस्टायलरची कमकुवत बाजू मोबाईलच्या व्हिडिओत दिसते. फोन प्रकाशानुसार फ्रेमची गती कमी-जास्त करतो, आणि असा व्हिडिओ थेट दिला तर लांब चित्रणात ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटत जातो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो आधी स्थिर गतीवर, सेकंदाला २५ फ्रेमवर, आणून मग डीव्हीडीस्टायलरमध्ये घेतला की ही तक्रार राहत नाही. एक काम वाढते, पण टाळू नये. उभ्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच.

राईट करण्याचे काम मी डीव्हीडीस्टायलरकडे देत नाही. त्यातून आयएसओ काढून घेतो आणि इम्गबर्नने राईट करतो, कारण तिथे राईट झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून इमेजशी ताडून पाहण्याची सोय आहे. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर प्रकारची कोरी डिस्क घ्यावी आणि ४एक्स किंवा ८एक्स गतीने राईट करावी. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, त्यांना यूएसबीचा बाहेरचा रायटर लागतो. तो यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपला जोडावा, कारण वीज कमी पडली की राईट मध्येच फसते.

दुकानात मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा कॉपी रोखणारे कुलूप असते आणि ते इम्गबर्न उघडत नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ हे कलम अशा कुलपांना संरक्षण देते, त्यामुळे हे सगळे मी केवळ घरच्या चित्रणापुरते सांगत आहे.

तयार झालेल्या आयएसओ आणि बिन-क्यू फाईल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी प्रत पुण्या-नाशिकला राहणाऱ्या भावंडाकडे अशा ठेवाव्यात. डिस्कवर नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे, आणि फाईलच्या नावात वर्ष, गाव व प्रसंग तिन्ही घालावेत. गाणी कोणी म्हटली आहेत ती नावे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून त्याच फोल्डरमध्ये एका मजकूर फाईलमध्ये लिहून ठेवावीत, कारण हे काम कोणताही प्रोग्रॅम करून देत नाही.