कॉफी भेट द्यायची आहे, मग बाबाबुडनगिरी की अराकू?
दोन्ही अरेबिका जातीच्या कॉफी, दोन्हींना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन. बाबाबुडनगिरी चिकमगळूरच्या डोंगरातली, हजार मीटरच्या वरची. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते. पाकीट उघडलं की चॉकलेटसारखा वास येतो, आणि दूध घातलं तरी चव दबत नाही. येमेनहून सात बिया लपवून आणल्याची आख्यायिका वर फुकट!

अराकू आंध्रच्या पूर्व घाटातली, आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली. ती मला काळीच आवडते, जराशी फळांच्या आंबटपणाची.

सासऱ्यांना दुधाचीच लागते, म्हणून त्यांना बाबाबुडनगिरी. अराकू पुण्याच्या मैत्रिणीला, तिच्याकडे दळणयंत्र आहे. नसेल तर दळूनच द्या; आमच्या एका पाकिटातल्या बिया वर्षभर डब्यात तशाच पडून होत्या. भाजल्याची तारीख मात्र बघाच.