साडेतीनशेची नारिंगी, ऐंशीची लाल

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका नर्सरीतून गेल्या नोव्हेंबरात दोन जास्वंदी आणल्या. नर्सरीचं नाव मुद्दामच देत नाही. तक्रार आहे, पण मालक माणूस म्हणून चांगला आहे.

एक गावरान लाल, ऐंशी रुपयांची, सासूबाईंच्या गणपतीसाठी. दुसरी हायब्रीड: नारिंगी, मधोमध गर्द लाल डोळा, फूल बशीएवढं. साडेतीनशे रुपये. खरं सांगायचं तर मी रिक्षा थांबवली ती नारिंगीसाठीच. लाल घेतली, कारण नुसती शोभेची घेऊन घरी जायची हिंमत नव्हती.

आमची बाल्कनी पश्चिमेची, दुपारी दीडनंतर सूर्यास्तापर्यंत कडक ऊन. जास्वंदीला एवढं पुरतं. नारिंगीवर सात कळ्या होत्या. दोन उमलल्या, पाच गळल्या. मग पानं पिवळी पडायला लागली. फोन केला तर उत्तर आलं, "ताई, पाणी कमी पडतंय, दोन वेळा घाला." मी शहाण्यासारखं ऐकलं आणि झाड आणखीच मलूल झालं.

शेवटी एका रविवारी झाड उपसलं. वर दोन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि खाली सोललेल्या नारळाएवढा चिकणमातीचा गोळा! दोन वेळच्या पाण्यानं तो लदलदला होता, कुबट वास येत होता आणि कडेची मुळं तपकिरी पडून हाताला मऊ लागत होती. गोळा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला, निघेल तेवढी माती बोटांनी सोडवली, कुजकी मुळं कापली. मुळं गेली त्या मानानं वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या. बारा इंची मातीच्या कुंडीत दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड घालून झाड परत लावलं. दहा दिवस सावलीत. पाणी फक्त वरची माती बोटाला कोरडी लागली की.

फांद्या छाटताना जीव वर-खाली होत होता. पण जास्वंदीला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं फूल आलं आणि मी ऑफिसला उशिरा पोहोचले.

मालकाला जाऊन विचारलं तर त्यानं काही लपवलं नाही. "हायब्रीड माल कडियमचा येतो, ताई. मोकळी माती ट्रकमध्ये टिकत नाही, मुळं उघडी पडतात." कडियम म्हणजे आंध्रातलं, राजमहेंद्रीजवळचं नर्सऱ्यांचं गाव. म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेल्या गोदावरीच्या काठची माती डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या कुंडीत! त्याचं कारण मला पटलं. पण मग विकतानाच सांगायचं ना, की घरी गेल्यावर गोळा सोडवा. दोन वेळा पाणी घाला कसलं सांगता?

दुसरी तक्रार एकशेवीस रुपयांच्या 'सेंद्रिय' फवाऱ्याची. एप्रिलमध्ये शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण आला, तेव्हा यानंच तो गळ्यात मारला. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही आणि उपयोग शून्य. मी जुन्या टूथब्रशनं कीड घासून काढली, पाण्याचा जोरात फवारा मारला. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आठवड्यातून एकदा असं तीन आठवडे. कुंडीवरून मुंग्यांची रांग चालली होती, तीही मोडली. या किडीतून गोड चिकट द्रव पाझरतो, त्यासाठी मुंग्या तिला सांभाळतात. त्यांना हटवल्याशिवाय कीड जात नाही.

आणि लाल? तिच्याबद्दल लिहायला काहीच नाही, हेच तिचं कौतुक. ती मालकानं स्वतः फांदी लावून वाढवलेली, त्यामुळे गोळा-बिळा नाही. मार्चपासून रोज दोन-तीन फुलं, संध्याकाळी मिटणार, सकाळी नवी. नारिंगीचं फूल मात्र दुसऱ्या दिवशीही टवटवीत असतं, त्यावरून घरात वाद. ते शिळं धरायचं की ताजं? सासूबाईंच्या मते शिळं. "दिसायला बरी आहे हो," म्हणाल्या, "पण दुर्वांशेजारी लालच."

त्या नर्सरीत मी परत जाईन, पण तिथेच वाढवलेली झाडं घ्यायला. कडियमचं घ्यायचं तर आधी पिशवी दाबून बघेन. एक पिवळी हेरून ठेवली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.