घर बघण्याआधी डिपॉझिट मागणारा घरमालक: जर्मनीत नव्याने आलेल्या जोडप्यांसाठी

नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरी-परवान्यावर, म्युनिकला पोचलेला असतो. कंपनीने दिलेलं फर्निश्ड अपार्टमेंट महिनाअखेरीला सोडायचं असतं. बायको पुण्यात, पासपोर्टवर व्हिसा लागलेला, तिकीट कधीचं काढायचं एवढंच ठरायचं बाकी. अशा वेळी साठ चौरस मीटरचं, बाल्कनीचं, फर्निचरसकट घर सगळे खर्च धरून 850 युरोत दिसलं की दोघांनाही हायसं वाटतं. तसं वाटावं म्हणूनच ती जाहिरात टाकलेली असते.

जर्मनीतल्या मोठ्या शहरांत नव्याने आलेल्यांना घराच्या नावाखाली लुबाडण्याची पद्धत बरीचशी ठरलेली आहे. ती एकदा नीट समजली की असली पत्रं पहिल्या दोन ओळींत ओळखता येतात, म्हणून इथे ती खुलासेवार देत आहोत.

ठगाचं सगळं भांडवल म्हणजे तुमची घाई, आणि ती घाई खरी असते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी, अनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं एक पत्र लागतं. 1 नोव्हेंबर 2015 पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी झाली की 11 अंकी टॅक्स आयडी पोस्टाने येतो. बायकोच्या रेसिडन्स परमिटच्या कामालाही नोंदणीचा दाखला लागतो. थोडक्यात, पत्ता नसेल तर बाकीचं सगळं अडतं. त्यात नव्याने आलेल्या माणसाची शुफा, म्हणजे इथली पत-नोंद, कोरी असते. खरे घरमालक ती मागतात आणि नसली की बऱ्याचदा उत्तरच देत नाहीत. वीस अर्जांना उत्तर नाही आणि एकविसावा माणूस मात्र तासाभरात गोड शब्दांत लिहितो, "शुफा नसली तरी चालेल, नोंदणी नक्की होईल, मला शांत स्वभावाचं कुटुंब हवंय." इथेच सावध व्हायला हवं.

आधी भाड्याचा आकडा तपासा. म्युनिकमध्ये नव्या कराराचं नुसतं घरभाडं, हीटिंग-पाणी-कचरा सोडून, चौरस मीटरला सरासरी 20 युरोच्या वर जातं. साठ मीटरचे 1200 तिथेच झाले. फर्निचर असेल तर आणखी. त्यामुळे सगळं धरून 850 हा आकडाच खोटा आहे. बर्लिनच्या जुन्या करारांची भाडी ऐकून काही जणांना तो खरा वाटतो. पण ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीपासून राहणाऱ्यांची भाडी असतात, नव्या माणसाला त्या दराने घर मिळत नाही.

फोटो छान असतात, कारण ते एखाद्या हॉटेलचे किंवा दुसऱ्याच शहरातल्या विक्रीच्या जाहिरातीतले असतात. फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकून बघा, बऱ्याचदा मूळ सापडतं. सापडलं नाही म्हणून घर खरं ठरत नाही. खिडक्या, प्लग आणि रेडिएटर नीट बघा. जर्मन घरातला प्लगपॉइंट गोल, खोलगट असतो. फोटोत ब्रिटिश तीन खाचांचा दिसला तर ते घर जर्मनीतलं नाही.

मग पत्र येतं. पोर्टलवरचा, म्हणजे घराच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरचा, संवाद बंद करून ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर या, ही पहिली विनंती, कारण पोर्टलवाले ठगाचं खातं बंद करतात आणि तिथल्या संवादाची नोंद राहते. पुढे हकिकत: मी इंजिनिअर, सध्या लंडनला किंवा स्पेनला असतो, हे घर मुलीच्या शिक्षणासाठी घेतलं होतं, तिचं शिक्षण संपलं. पत्र लांब, सभ्य, थोडं भावनिक. तुमच्याबद्दलही विचारतात: लग्न झालंय का, दोघंही सिगारेट ओढत नाही ना, किती वर्षं राहाल. आपल्याकडच्या घरमालकांसारखेच प्रश्न असल्यामुळे ते ओळखीचे वाटतात.

त्यानंतर कागदपत्रं. दोघांचे पासपोर्ट, नोकरीचा करार, तीन पगारपत्रकं, कधीकधी लग्नाचा दाखलाही. बदल्यात तो स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवतो आणि म्हणतो, "माझाही विश्वास बघा." ती प्रत आधी फसलेल्या कुणाची तरी असते. एवढं लक्षात घेतलं तरी पुष्कळ झालं: पैसे गेले नाहीत तरी कागद गेले की तुमचं नाव पुढच्या माणसाला फसवायला वापरता येतं. भारतीय पासपोर्टच्या बाबतीत धोका जास्त, कारण शेवटच्या पानावर आई, वडील आणि जोडीदाराचं नाव आणि भारतातला पत्ता छापलेला असतो. मराठी आडनाव, पुण्याचा किंवा नाशिकचा पत्ता असलेला पासपोर्ट "घरमालक" म्हणून पुढे आला तर पुढचं मराठी जोडपं पटकन विश्वास ठेवेल.

शेवटचं पान कुणालाच पाठवू नका. पहिल्या पानाची प्रत द्यावीच लागली तर पासपोर्ट क्रमांक आणि खालच्या दोन मशीनने वाचायच्या ओळी झाका, आणि आडवं मोठ्या अक्षरात लिहा: फक्त अमुक रस्त्यावरच्या घराच्या अर्जासाठी, अमुक तारीख. ही ओळ कोपऱ्यात नको, चेहऱ्यावरून आणि नावावरून गेली पाहिजे, म्हणजे ती कापून टाकता येत नाही. पगारपत्रकावरचा टॅक्स आयडी, विमा क्रमांक आणि बँक खातं झाका. घरमालकाला पाहायची असते ती पगाराची रक्कम. आणि हे सगळं घर पाहून झाल्यावर. घर बघण्याआधी पासपोर्टची प्रत मागण्याचं कारण कुठल्याच खऱ्या घरमालकाकडे नसतं.

आता मुख्य डाव. "मी परदेशात आहे, घर दाखवायला येऊ शकत नाही, किल्ली कुरिअरने पाठवतो." किंवा "व्यवहार एअरबीएनबीमार्फत करू, पैसे त्यांच्याकडे राहतील, घर आवडलं नाही तर 48 तासांत परत." मागोमाग एक लिंक येते. पान हुबेहूब तसंच, लोगो तोच, खाली मदत-चॅटसुद्धा. पत्ता मात्र वेगळा: खऱ्या नावाला जोडरेघ लावून काहीतरी चिकटवलेलं असतं. एअरबीएनबी स्वतःच्या संकेतस्थळाबाहेर, कुणाच्या बँक खात्यात पैसे भरायला सांगत नाही. कुरिअर कंपनी डिपॉझिट सांभाळत नाही. पाठवलेली किल्ली कधीच येत नाही, किंवा येते ती कुठल्याही दाराला न लागणारी.

पैशांची मागणी बहुधा अशी: पहिलं भाडं अधिक तीन महिन्यांचं डिपॉझिट, आजच. कायदा यात तुमच्या बाजूने आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम 551 प्रमाणे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या घरभाड्याएवढं. हीटिंग-पाण्याचे खर्च त्यात धरत नाहीत. आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकराराचा काळ सुरू होताना. "हप्त्यांत देऊ का?" एवढं एकच वाक्य लिहून बघा. खरा घरमालक नाखुशीने का होईना, हो म्हणतो. ठगाचा सूर त्याच क्षणी बदलतो: दुसरं जोडपं तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा.

पैसे पाठवताना आयबॅनची, म्हणजे युरोपातल्या बँक खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं बघा, ती खातं कोणत्या देशातलं ते सांगतात. म्युनिकच्या घराचं भाडं लिथुआनिया किंवा स्पेनच्या खात्यात मागितलं तर थांबा. डीईने (जर्मनीची अक्षरं) सुरू होणारा आयबॅन असला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ते खातं फसवून उघडून घेतलेलं असू शकतं. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो चलनाच्या देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतो का ते दाखवावं लागतं. नाव जुळत नाही असा इशारा आला आणि तरीही तुम्ही पुढे गेलात, तर नुकसान बहुधा तुमच्याच माथी बसतं. ठगाकडे उत्तर तयार असतं, "खातं माझ्या वकिलाचं आहे." ते ऐकू नका. तात्काळ ट्रान्सफर दहा सेकंदांत समोरच्या खात्यात पोचतं आणि तिथून मिनिटभरात पुढे जातं, म्हणून ठग तेच करायला सांगतो. सासऱ्यांनी किंवा वडिलांनी भारतातल्या खात्यातून थेट पैसे पाठवले तर ही नाव-तपासणी होईलच असं धरू नका.

घर प्रत्यक्ष पाहिलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. दुसऱ्या प्रकारात ठग सुट्टीसाठीचं अपार्टमेंट चार-पाच दिवसांसाठी घेतो आणि तेच घर दिवसभरात दहा जोडप्यांना दाखवतो. करार छापलेला, किल्ली हातात, डिपॉझिट रोख. राहायला जायच्या दिवशी दारात दहाही जोडपी.

इथे उपयोगी पडते ती दाराबाहेरची घंटेची पाटी. जर्मन इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन घंटेवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव वाचून टपाल टाकतो. घर बघायला गेलात की आधी ती पाटी वाचा आणि फोटो काढा. घरमालकाने सांगितलेलं नाव किंवा आधीच्या भाडेकरूचं नाव त्या मजल्याच्या जागी आहे का? तिथे आडनावाऐवजी नुसतं "अपार्टमेंट 3" असेल, दाराशी आकडे फिरवून उघडायची किल्लीपेटी असेल, भिंतीवर वायफायच्या पासवर्डची चौकट आणि बाथरूममध्ये घडी केलेले एकसारखे टॉवेल असतील, तर ते घर रोजच्या भाड्याचं आहे. शेजारच्याची घंटा वाजवून विचारायला लाजू नका. तळघरातली खोली आणि वीजमीटर दाखवा म्हणा. ज्याचं घर नाही त्याला ते कुठे आहेत हे माहीत नसतं. आणि रोख पैसे, पावती असो वा नसो, देऊ नका.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यात आधी एक पैसाही मागत नाहीत. "भाडेकरूची ओळख पटवायची आहे, या लिंकवर व्हिडिओ कॉल करा, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरा." समोरचा माणूस खऱ्या बँकेसाठी ओळख तपासणारा असतो. त्या कॉलने तुमच्या नावाचं बँक खातं उघडतं आणि ते चालवतो ठग. पुढच्या फसलेल्यांचे पैसे त्यात येतात आणि काही महिन्यांनी पोलिसांचं पत्र तुमच्या पत्त्यावर. घर भाड्याने घेण्यासाठी व्हिडिओ-ओळख कधीच लागत नाही. कॉलवरचा माणूस विचारतो, "हे खातं तुम्ही स्वतःसाठी उघडताय ना?" त्याला खरं सांगा, घरासाठी सांगितलंय म्हणून. तो कॉल तिथेच थांबवेल.

पोटभाड्याच्या घरात मूळ घरमालकाची लेखी परवानगी मागा. नुसता पत्ता नोंदणीसाठी विकत देणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. न राहता पत्ता देणं बेकायदा आहे, दंड 50,000 युरोपर्यंत. दलालाने घर दाखवण्याचे पैसे मागितले तर देऊ नका. 1 जून 2015 पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात.

खऱ्या व्यवहाराचा क्रम असा: घर बघणं, मग अर्ज आणि कागद, मग दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, मग किल्ली आणि ताबापत्र, ज्यात वीज, पाणी, हीटिंगच्या मीटरचे आकडे लिहिलेले असतात, आणि त्या सुमारास डिपॉझिटचा पहिला हप्ता. क्रम उलटा झाला की थांबायचं. अजून भारतातच असाल तर त्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात किंवा ऑफिसातल्या कुणाला तरी अर्धा तास जाऊन घंटेची पाटी बघून यायला सांगा, लोक आनंदाने जातात. आणि घर ठरेपर्यंत बायकोचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, किंवा पहिले दोन महिने नोंदणी करू देणाऱ्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये काढा. महाग पडतं, पण घाई संपते.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, ट्रान्सफर परत बोलवा म्हणून. साधं ट्रान्सफर अजून निघालं नसेल तर अडवता येतं. तात्काळ गेलेलं क्वचितच परत येतं, तरी फोन कराच. कार्डाची माहिती दिली असेल तर 116 116 वर ते बंद करा. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर घरच्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी. मग पोलिस तक्रार, ठाण्यात किंवा राज्याच्या ऑनलाइन पोलिस पानावर. त्याला पैसे पडत नाहीत. जाहिरातीचे, पत्रांचे स्क्रीनशॉट, आयबॅन, लिंकचा पूर्ण पत्ता जोडा, आणि पासपोर्टची प्रत गेली असेल तर ते स्पष्ट लिहा, दोघांच्याही नावाने. शुफाकडे ओळख चोरीला गेलेली व्यक्ती म्हणून नोंद करता येते, तीही दोघांची करा. तक्रारीचा क्रमांक, आक्टेनत्साइखेन, जपून ठेवा: पुढे तुमच्या नावाच्या खात्यावरून एखाद्या बँकेचं किंवा पोलिसांचं पत्र आलं, तर उत्तर देण्याआधी वकिलाला गाठा आणि तो क्रमांक पहिल्याच ओळीत लिहायला सांगा.