नमुना नाणं की ताब्याच्या काळातली नोट?

डच ईस्ट इंडीजवरच्या (आजचा इंडोनेशिया) जपानी ताब्याच्या काळातली एकच वस्तू संग्रहात घ्यायची, तर २६०३-०४ सालचं सेनचं (गुल्डन या डच चलनाचा शंभरावा भाग) नमुना नाणं, म्हणजे चाचणीसाठी पाडलेलं नाणं, की साधी नोट? (२६०३ हे जपानी शाही वर्ष, म्हणजे १९४३.)

किंमतीत तुलनाच नाही. गुल्डनच्या नोटा ढिगाने छापल्या, आजही स्वस्तात मिळतात. सेनची नाणी सर्वसामान्य चलनात आलीच नाहीत, त्यामुळे भाव चढा आणि बनावटीचा धोकाही तितकाच. विक्रेता ‘दुर्मीळ’ म्हणाला की मी आधी वजन-व्यास मागतो. स्वतंत्र प्रमाणपत्र नसेल तर विषय संपला.

टिकाऊपणात मात्र धातूलाच सरसकट झुकतं माप देऊ नका. एक सेन ॲल्युमिनियमचं, पटकन ओरखडतं. दहा सेन कथलाच्या मिश्रधातूचं, तेही मऊच. नोटेचा शत्रू आपला पावसाळा, आणि पीव्हीसी प्लॅस्टिकचं स्वस्त पाकीट.

माहिती नोटच जास्त देते: १९४२च्या नोटेवर डच मजकूर, संकेताक्षरांच्या सुरुवातीला ‘एस’, जपानने ब्रह्मदेशासाठी छापलेल्या रुपयांवर ‘बी’.

नवशिक्याने, किंवा शाळेत दाखवायला, नोटाच घ्याव्यात. टांकसाळीचा अभ्यास करणाऱ्याने पैसे साठवून प्रमाणित नाणं घ्यावं.