‘सीलबंद’ लिबरेटर, आणि आत भलतंच नाक

बी-24 डी लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचं 1/72 प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल किट, ‘सीलबंद’. सोबत रेझिनचा ‘क्रॅश सेट’ (कोसळलेल्या विमानाचे वाकलेले-तुटलेले भाग) आणि ‘लेडी बी गुड’ या खऱ्या लिबरेटरच्या डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. सगळे मिळून 8,500 रुपये, यूपीआयने आगाऊ. विक्रेत्याने दाखवला तो फोटो फक्त झाकणाचा. झाकण अस्सल होतं, माल नव्हता.

आत निघाले बी-24 जे या दुसऱ्याच प्रकाराचे स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी. डी चं नाक काचेचं. जे च्या नाकावर मशीनगनचा टरेट, म्हणजे फिरता मनोरा. पंख, शेपूट, इंजिनं वरवर पाहता सारखीच, म्हणून घाईत चाळणारा फसतो. पारदर्शक भागांचा स्प्रू सगळ्यात आधी उचलून बघायचा. बाहेरचं प्लास्टिक हेअर ड्रायरनेही आवळता येतं, त्यामुळे ‘सीलबंद’ शब्दाला कवडीची किंमत नाही.

‘लेडी बी गुड’ करायचं तर डी च लागतं. 4 एप्रिल 1943 ला ते लिबियातल्या सोलुकहून नेपल्सच्या मोहिमेवर निघालं. परतताना वाट चुकली, इंधन संपत आलं, नऊही जणांनी उड्या मारल्या आणि विमान आपलंआपण वाळवंटात पोटावर उतरलं. पंखामागे धड तुटलं. 1958 मध्ये ते दिसलं.

क्रॅश सेटची लबाडी जास्त चीड आणणारी. चार प्रोपेलर, बाराच्या बारा पाती एकसारखी वाकलेली! खऱ्या विमानाची तीन इंजिनं आधीच बंद पडून प्रोपेलर फेदर केलेले होते, म्हणजे पाती वाऱ्याला धार दाखवून थांबलेली. चालू होतं ते फक्त चौथं. चालत्या आणि थांबलेल्या पात्यांचं वाकणं सारखं असूच शकत नाही. शिवाय रेझिनमध्ये बुडबुडे, पॅनेलच्या रेघा बुजलेल्या: साच्यावरून साचा काढल्याची खूण. अशा नकलेत भाग आकसतो आणि बसवताना फट राहते.

खरं तर या सेटची गरजच नाही. 1/72 मध्ये एक मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक म्हणजे प्रत्यक्षात 72 मिलिमीटरचा पत्रा! तुटलेल्या कडेला धड आतून घासून कागदासारखं पातळ करायचं, फाटका पत्रा ॲल्युमिनियम फॉइलचा लावायचा आणि आतल्या कड्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या करायच्या.

डिकल्स घरच्या इंकजेटवर छापलेल्या. इंकजेट पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक फिल्मवरच्या पांढऱ्या चांदणीतून (अमेरिकी विमानांवरचं चिन्ह) खालचा वाळूचा गुलाबी रंग दिसतो. वर लाखेचा थर नसेल तर पाण्यात शाई पसरते. आणि चांदणीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या होत्या! त्या पट्ट्या आल्या जून 1943 च्या अखेरीस. एप्रिलच्या विमानावर निळ्या वर्तुळात नुसती चांदणी हवी.

पैसे देण्याआधी सगळ्या स्प्रूंचा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. टाळाटाळ झाली की सौदा सोडा. संकेतस्थळाबाहेर पैसे भरले तर सवलत, असं कोणी म्हणालं तर तोच सापळा. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ घ्या. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, व्यवहार क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून. इथे विक्रेत्याने नंबर ब्लॉक केल्यावर चार दिवस वाट पाहण्यात गेले, ते अंगाशी आलं.

उरलेलं बी-24 जे चं किट फेकू नका. भारतीय वायुदलाने 1968 पर्यंत लिबरेटर उडवले, त्यात ‘जे’ प्रकारचे होतेच.